माळेगावात चावी हरवली, नांदेडच्या सरदारजीनं गाडी चालू करून दिली

नांदेडला वर्कशॉप कॉर्नरच्या अलीकडं एक बोळवजा दुकान आहे. पाटीवर नावच नाही. हातभर लांब पिवळी चावी रंगवलेली, खाली 'सर्व गाड्यांच्या चाव्या बनवून मिळतील', आणि त्यातलं 'मिळतील' पावसानं निम्मं धुऊन नेलेलं. आत सरदारजी बाप-लेक बसतात. या दुकानाची पायरी मी चढलो ती काम होऊन दीड महिना उलटल्यावर. काम झालं होतं पन्नास-साठ किलोमीटर लांब, माळेगावच्या घोडेबाजारात, धुळीत.

मी जनावरांचा डॉक्टर. परभणीला शिकलो, अहमदपुरात प्रॅक्टिस करतो. मार्गशीर्षात खंडोबाची माळेगाव यात्रा लागली की आमच्या घरात म्हणतात, आला ह्याच्या अंगात देव. घोडे, गाढवं, उंट, शिकारी कुत्री, लाल कंधारी वळू, एवढं सगळं एका माळावर बघायला मिळत असताना माणसानं दवाखान्यात कामून बसावं? यंदा देवस्वारीच्या दुसऱ्या दिवशी एका पाहुण्यासाठी घोडी बघत होतो. मालक सात वर्षांची सांगत होता. ओठ वर करून दात बघितले तर बाई बारा-तेराच्या पुढच्या. तेवढ्यात तिनं मान झटकली, माझी टोपी उडाली, मी वाकून टोपी उचलली आणि पुढच्या दावणीकडं गेलो. गाडीची चावी शर्टाच्या वरच्या खिशात होती. ती नाही हे कळलं अर्ध्या तासानं, गाडीच्या दाराशी उभं राहून सगळे खिसे तीनतीनदा उलटे केल्यावर.

मग शोध. घोडेबाजारातून गाढवांच्या बाजारापर्यंत माती उकरत गेलो. चाऱ्याच्या पेंढ्या उचलून बघितल्या. लोक भंडारा उधळत होते, सगळा माळ पिवळा, आणि मी त्यात काळी चावी शोधतोय. शेवटी भोंग्यावर पुकारा करायला लावला. हरवलेली दोन लेकरं, एका म्हातारीची पिशवी, आणि मग 'अहमदपूरच्या गुराच्या डॉक्टरची गाडीची चावी पडली आहे, सापडल्यास या नंबरवर'. तासाभरात मला अकरा फोन आले. त्यातले नऊ 'सापडली का?' हे विचारायला.

आता गाडीचं सांगतो. २०१७ ची पांढरी हॅचबॅक, बटण दाबलं की पातं फटकन उघडतं तशी फोल्डिंगची चावी, त्यावरच रिमोट. सेकंडहँड घेतलेली. देणारा म्हणाला होता, दुसरी चावी गावाकडं राहिली, उद्या पाठवतो. त्याचा उद्या तीन वर्षांत उजाडला नाही आणि मीही मागं लागलो नाही. म्हणजे हरवली ती एकुलती एक. गाडीत औषधाची पेटी, बर्फाच्या डब्यात लशी, आणि बायकोनं दिलेला डबा.

जमलेल्या लोकांनी उपाय सांगायला सुरुवात केली. काच फोडा. वायरी जोडा. माझ्याकडं पूर्वी जुनी जीप होती, तिला पेचकस घातला तरी चालू व्हायची. त्या आठवणीनं मलाही वाटलं, होईल काहीतरी. एका ट्रॅक्टर मिस्त्रीनं मात्र मान हलवली. म्हणाला, "सायेब, ह्या गाड्या वळखीशिवाय चालू व्हत न्हाईत. दोन शेकंद घुर्रर्र करून बंद पडत्यात." त्याचं म्हणणं पुढं अक्षरशः खरं निघालं.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. कोणत्या ते सांगत नाही, कारण इतरांचे अनुभव विचारले तर सगळीकडं साधारण हेच ऐकायला मिळालं. आरसी, आधार, पोलिसांत चावी हरवल्याची नोंद, मग कंपनीकडं मागणी, चावी यायला आठ ते पंधरा दिवस. तोपर्यंत गाडी टो करून वर्कशॉपला आणायची. एकही चावी नसेल तर 'पूर्ण लॉकसेट बदललेला बरा', अंदाजे अठरा हजार. बाई गोड बोलत होत्या, त्यांचा दोष नाही. पण लशी पंधरा दिवस बर्फात राहत नाहीत.

मग मी चूक केली. जवळच्याच एका गावातून कुणीतरी 'चावीवाला' आणला. पोरगा उत्साही होता. त्यानं दाराच्या काचेच्या रबरात लोखंडी पट्टी खुपसली आणि पंधरा मिनिटं आत मासे धरल्यासारखा हलवत बसला. कुलूप उघडलं नाही, रबर फाटलं, आतून काहीतरी कट्ट वाजलं. मग म्हणाला, "लॉक झाम हाय." पाचशे रुपये घेऊन गेला. त्या दाराची काच आजही खाली जाताना कुरकुरते.

नांदेडच्या सरदारजींचा नंबर घोडी विकणाऱ्यानंच दिला. त्याच्या पिकअपची चावी त्यांनी केली होती. फोन पोरानं उचलला. आणि इथंच मला फरक कळला. आधीच्या दोघांनी मला किंमत सांगितली होती. ह्यानं मला प्रश्न विचारले. मॉडेल कोणतं, साल कोणतं. चावी कडेला दात असलेली का मधोमध नागमोडी खाच असलेली. बटणं किती. एक तरी चावी शिल्लक आहे का सगळ्याच गेल्या. गाडी आता लॉक आहे का. बॅटरी कधी बदलली. दाराच्या कुलपात कुणी काही खुपसलंय का. शेवटच्या प्रश्नाला मी जरा अडखळलो. तो हसला. आम्हीही पेशंट बघायच्या आधी असंच विचारतो: काय खाल्लं, कधीपासून रवंथ बंद, आणि माझ्या आधी कुणी काय पाजलं. न विचारता सुई उपसणारा डॉक्टर आणि न विचारता पट्टी खुपसणारा चावीवाला, दोघांपासून लांब राहावं.

शेवटी म्हणाला, "डॉक्टरसाब, आरसी तुमच्या नावावर आहे ना? आरसी आणि आधार दाखवल्याशिवाय मी हात लावत नाही. आणि यात्रेत पोलीस चौकी असंल, तिथं हरवल्याची नोंद करून ठेवा." मला क्षणभर राग आला. चार वाजत आले होते, मी उपाशी, आणि हा कागद मागतोय. पण विचार केला, जो माणूस चावीशिवाय गाडी उघडून चालू करू शकतो त्यानं कागद नाही मागायचे तर कुणी मागायचे? आरसी मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये होती, दाखवली. आल्यावर त्यानं आरसीवरचा चेसिस नंबर समोरच्या काचेखालच्या पट्टीवर टॉर्च मारून जुळवून बघितला. तेव्हा राग पार गेला.

आला मात्र उशिरा. दीड तासात येतो म्हणाला होता, चार तास लावले. लोह्याच्या पुढं यात्रेची गर्दी होती हे मान्य, पण मध्ये एक फोन करायला काय जातं. ह्याचा एक गुण मी कापतो.

काम बघताना मात्र मी भूक विसरलो.

एका जुन्या व्हॅनमध्ये मागं सगळा संसार. आधी त्यानं खिशातून पोलादी अवजार काढलं, जाड पेनाएवढं, त्यावर बारीक रेघांची जाळी कोरलेली. ह्याला त्यांच्यात लिशी म्हणतात. ते दाराच्या कुलपात घातलं. बाहेर एक काटा, तो पुढंमागं सरकवला की आतली सुई कुलपातल्या एकेका पत्तीवर जाते. पत्ती दाबायची, कुठं अडते ते बोटाला समजून घ्यायचं, आणि एकेक करत सगळ्या पत्त्या बसल्या की कुलूप फिरतं. डोळे मिटून करत होता. गायीच्या पोटात हात घालून गाभण तपासताना आमचंही असंच असतं, डोळे उघडे असले तरी काही दिसत नाही, सगळं बोटाच्या टोकाशी. सात-आठ मिनिटांत कुलूप फिरलं. दार उघडलं.

आणि गाडीनं बोंब ठोकली.

रिमोटनं लॉक केलेली गाडी रिमोटशिवाय उघडली की सायरन वाजतो, हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, घोड्यांना नव्हतं. शेजारच्या दावणीतला काळा घोडा मागच्या दोन पायांवर उभाच राहिला. दोन शिंगरं दोर तोडून निघाली. मालक लोक आमच्याकडं धावले, आणि घोड्यांकडं न धावता आमच्याकडं धावले म्हणजे कशासाठी ते समजून घ्या. सरदारजीच्या पोरानं शांतपणे आत वाकून बॉनेट उघडलं, सायरनची वायर काढली आणि हात जोडले, "माफ करा मामा, झालं, झालं." मी पुढं होऊन काळ्या घोड्याचे पाय तपासले, फुकटात. तेव्हा कुठं मिटलं. नंतर त्याला म्हणालो, जनावरांच्या बाजारात गाडी उघडायच्या आधी चार माणसांना सांगत जा. म्हणाला, "डॉक्टरसाब, जनावरांच्या बाजारात गाडी पहिल्यांदाच उघडली."

दार उघडल्यावर लिशी पुन्हा कुलपात. आता उघडायला नाही, वाचायला. प्रत्येक पत्ती किती खोलवर बसते ते अवजारावरच्या रेघांवर दिसतं. तो आकडे बोलत होता आणि मी त्याच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागं लिहीत होतो: तीन, एक, दोन, दोन, चार… हे आकडे म्हणजेच चावी. व्हॅनमधल्या मशीनमध्ये ते घातले, कोरं पातं आवळलं, आणि मशीननं आपोआप नागमोडी खाच कोरली. पितळी कीस चाऱ्यावर पडायला लागला तेव्हा मी खाली पोतं अंथरलं. बैलानं गिळलेली तार काय करते ते मी ऑपरेशन टेबलावर बघितलंय.

इथवरचं काम हातातल्या चावीचं. दार उघडलं, स्टिअरिंगचं लॉक सुटलं, पण इंजिन नाही. त्यानं मुद्दाम मला चावी फिरवायला लावली. घुर्रर्र, दोन सेकंद, बंद. मीटरमध्ये चावीचा दिवा लुकलुकत राहिला. ट्रॅक्टर मिस्त्री गर्दीत उभा होता. "म्हनलं व्हतं का न्हाई?"

हे का होतं ते त्यानं सांगायला घेतलं आणि मी म्हणालो, थांब, हे मला येतं. शहरात पाळलेल्या कुत्र्यांच्या, चांगल्या घोड्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात. तिला सेल नसतो, काही नसतं. वाचायचं यंत्र जवळ नेलं की यंत्राच्या लहरींतूनच तिला ताकद मिळते आणि ती आपला पंधरा आकडी नंबर सांगते. यंत्र लांब नेलं की पुन्हा मुकी. गाडीच्या चावीच्या प्लास्टिकमध्येही अशीच चिप असते आणि चावी घालायच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं. कुत्र्याची चिप १३४.२ किलोहर्ट्झवर बोलते, गाडीची बहुतेक वेळा १२५ वर. एकाच घराण्यातल्या. फरक इतकाच की कुत्र्याची चिप विचारील त्याला नंबर सांगते. गाडीची चांगली चिप तसं करत नाही. गाडी तिला दर वेळी नवं कोडं घालते आणि तिनं बरोबर उत्तर दिलं तरच इंजिनाला डिझेल सोडते. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. आमच्या गुराच्या कानातला पिवळा बारा आकडी बिल्ला ह्यापुढं अगदीच भोळा; कापला की संपला.

रिमोट वेगळा. दार उघडायचं-लावायचं बटण ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, त्याला सेल लागतो. म्हणून सेल संपला की रिमोट मरतो, पण पातं घालून फिरवलं की गाडी चालू होते, कारण चिपला सेलाचं देणं-घेणं नाही. हे तीन वर्षं गाडी चालवून मला माहीत नव्हतं. मध्ये एकदा सेल संपला तेव्हा गाडी सुरू होणार नाही म्हणून मी मोटारसायकलवर व्हिजिटला गेलो होतो. पावसात.

मग त्यानं स्टिअरिंगखाली हात घालून सोळा पिनांच्या सॉकेटला केबल जोडली. टॅबलेटवर गाडीची कुंडली आली. पण पुढं जाण्याआधी त्यानं बॅटरीचं व्होल्टेज मोजलं. ११.८. मान हलवली, व्हॅन जवळ घेतली, जंपर जोडला. म्हणाला, प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरी पडली तर गाडीचा कॉम्प्युटर अर्ध्यातच अडकतो आणि मग चावीचा खर्च परवडला म्हणायची वेळ येते. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. भूल देण्याआधी हृदयाचे ठोके मोजावेत तसं. आपल्या भागात 'होऊन जातं' म्हणून पुढं जाणारे खूप, ११.८ बघून थांबणारे कमी.

गाडीची एक गुप्त पिन असते, ती त्या यंत्रानं गाडीतूनच काढली. ती चुकीची टाकली तर काही गाड्या रुसतात, तासभर पुन्हा पिनच घेत नाहीत; काहींत बरोबर असली तरी दहा मिनिटं मुद्दाम थांबायला लावतात, चोराला घाई असते म्हणून. माझी गाडी सोशिक निघाली. 'सर्व चाव्या हरवल्या' असा पर्याय निवडला. आधीच्या चाव्यांची यादी पुसण्याआधी त्यानं मला टॅबलेट दाखवला. नोंदलेल्या चाव्या: ३.

मी पुन्हा वाचलं. तीन. माझ्याकडं एक. गावाकडं 'राहिलेली' एक. मग तिसरी कुणाकडं होती? तीन वर्षं मी ही गाडी रात्री-अपरात्री कुठंही लावून गोठ्यात शिरत होतो. तो म्हणाला, सेकंडहँडमध्ये हे नेहमीचं आहे, कुणी ड्रायव्हरला दिलेली असते, कुणी मेहुण्याला. तुम्ही सेकंडहँड घेणार असाल तर पासिंग, टायर, किलोमीटर बघता तसं हेही यंत्र लावून मोजून घ्या आणि आपल्या हातात नसलेल्या पुसून टाका. वीस मिनिटांचं काम आहे.

जुन्या तिन्ही पुसल्या. नवी शिकवली: पडद्यावर १. लगेच दुसरीही करून घेतली, २. चावी फिरवली आणि गाडी अशी लागली की जणू दुपारपासून काही झालंच नाही. गर्दीतून कुणीतरी 'येळकोट येळकोट' केलं आणि आम्ही सगळ्यांनी 'जय मल्हार' म्हटलं.

मी विचारलं, आता हरवलेली कुणाला सापडली तर? इथं तो खोटं बोलू शकला असता. म्हणाला, "इंजिन चालू होणार नाही, रिमोट चालणार नाही. पण पातं तेच आहे, दार उघडंल. तेही बंद करायचं असंल तर लॉकच बदलावं लागंल. गाडीत पैसा ठेवत जाऊ नका, बस."

हिशेब असा: सगळ्या चाव्या गेल्यावरची पहिली, रिमोटसकट, ४,५०० रुपये. दुसरी १,८००. येण्या-जाण्याचे १,०००. झाले ७,३००, त्यानं वरचे ३०० सोडले. एक चावी हातात असताना दुसरी करायला गेलो असतो तर नुसत्या १,८०० मध्ये भागलं असतं, दुकानात बसून, चहा पीत. हा आकडा ज्यांच्याकडं एकच चावी आहे त्यांनी नीट बघावा.

आता तक्रारी. पक्कं बिल दिलं नाही, पावतीवर हातानं लिहून दिलं. ते मला विम्यासाठी हवं होतं. (विम्याचंही सांगतो. माझ्या पॉलिसीत चावी हरवल्याचं वेगळं संरक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळं बिल असतं तरी काही मिळालं नसतं. पण गाडी चोरीला गेली तर विमावाले सहसा दोन्ही चाव्या मागतात हे एजंटानं तेव्हा सांगितलं, आणि तीन वर्षं मी एका चावीवर किती निवांत होतो ते आठवून घाम फुटला.) दुसरं, नव्या चावीचं प्लास्टिक कंपनीच्या चावीसारखं नाही. हातात हलकं लागतं. रिमोट आधी गेटापासून चालायचा, आता पंधरा-वीस पावलांत जावं लागतं. आणि दीड महिन्यात फोल्डिंगची स्प्रिंग ढिली पडली, पातं आपोआप खिशात उघडायला लागलं. सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी होती. तोंडी गॅरंटीचा आपला अनुभव सगळ्यांना आहे, म्हणून नांदेडला काम निघालं तेव्हा जरा भांडायच्या तयारीनंच दुकानात गेलो.

भांडायला मिळालं नाही. पोरानं चावी घेतली, कवच उघडलं, आतली पाटी आणि नखाएवढी काळी चिप चिमट्यानं उचलून नव्या कवचात बसवली, स्प्रिंग तपासली, पैसे घेतले नाहीत. चिप आधी त्यानं मला तळहातावर ठेवायला दिली. शिंकू नका म्हणाला.

तेवढ्यात एक गुरुजी आले, बटण-स्टार्टची मोठी गाडी. रिमोट मेला, गाडी चालू होत नाही, नवी चावी करून द्या, किती लागतील ते सांगा. पाकीट हातातच होतं. पोरानं चावी हातात घेतली, कडेचं खिटं दाबून आतून छोटं पातं ओढून काढलं. गुरुजींना आपल्या चावीच्या पोटात आणखी एक चावी आहे हे चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग सेल काढून मोजला आणि गल्ल्याशेजारच्या पत्र्यावरून २०३२ नंबरचा नवा टाकला. २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. १६ जाडीचा टाकला तर खुळखुळतो. "आणि पुन्हा वाटेत असं झालं तर चावी स्टार्टच्या बटणाला चिकटवून धरा न् मग दाबा. बऱ्याच गाड्यांना तेवढ्यानं वळख पटते." शंभर रुपये. गुरुजी हजारांच्या तयारीनं आले होते. मी हे बाकावर बसून बघितलं, म्हणून छातीठोक लिहितो.

बापाचं काम वेगळंच. म्हातारे सरदारजी पोराच्या टॅबलेटकडं बघतसुद्धा नाहीत. लहानपणी आमच्या गल्लीत सायकलला चाव्यांचं कडं अडकवून, ते खुळखुळवत चावीवाले फिरायचे; त्यांच्यापैकीच वाटावेत असे. समोर कुणाच्या तरी लोखंडी कपाटाचं कुलूप. कोरी चावी त्यांनी मेणबत्तीवर धरून काजळून घेतली, कुलपात घातली, हलकेच दाबून फिरवली, बाहेर काढली. काजळीवर आतल्या पत्तीनं जिथं खूण उमटवली तिथंच कानस, दोन घास. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. पाच-सहा वेळा. कुलूप उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त चावी फडक्याला पुसून पुढं केली. मी म्हणालो, सरदारजी, तुमचं आणि पोराचं काम तर एकच आहे, दोघंही कुलपालाच विचारता. ते म्हणाले, "मेरेको कुलूप जवाब देता. इसको मशीन देती." पोरगा मान खाली घालून हसला.

पाचांपैकी चार देतो. एक गुण उशीर आणि बिलाचा. रविवारी बंद असतं. फोन केल्यास गाडीचं साल आधी सांगा, नाहीतर तो प्रश्न विचारून भंडावतो.

हे लिहायचं महाशिवरात्रीपर्यंत राहिलं ते बरंच झालं, कारण त्या आठवड्यात एक फोन आला. बारावा. गाढवं विकणारा एक माणूस, यात्रेतून परत जाताना चाऱ्याचं पोतं बांधलं ते आता सोडलं, त्यात चावी निघाली. भोंग्यावरचा नंबर त्यानं हातावर लिहून घेतला होता, मग मोबाईलमध्ये. एसटीच्या कंडक्टरकडं पाठवून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, देवाच्या दारात पडलेली वस्तू, पैसे कशाचे.

चावी आल्या आल्या मी गाडीपाशी गेलो. रिमोटचं बटण दाबलं, काही नाही. पातं घातलं, दार उघडलं. फिरवली. घुर्रर्र, दोन सेकंद, बंद, आणि मीटरमध्ये दिवा लुकलुकायला लागला. पोरानं सांगितलं होतं त्यात तसूभरही फरक नाही.

पुढच्या खेपेला नांदेडला जाऊन ती पुन्हा यादीत घालून घेतली. पडद्यावर ३, पण आता तिन्ही माझ्या. ३०० रुपये घेतले. यात्रेत सोडलेले असे परत गेले. कवच बदलू का म्हणून विचारलं, मी नको म्हणालो. बटणांच्या फटीत अजून भंडारा आहे.